ओट्यावरचा घरचा माणूस

मेन रोड, दुकान
१५ एप्रिल २०२४

आधार,

माझा जय जिनेंद्र. तू तिकडून जयभीम घातलास असं धरून पुढे लिहितो, कारण तू काही उत्तर देशील असं दिसत नाही.

काल तुमच्या जयंतीची मिरवणूक मेन रोडवरून गेली. आपल्या दुकानापाशी पोरं थांबली. दरवर्षी आठ दिवस आधीपासून तू ओट्यावर बसून झेंडे शिवायचास आणि शिलाईचा एक पैसा घ्यायचा नाहीस. एकाने विचारलं, "शेठ, आधारकाका कुठे?" मी म्हणालो, नरडाण्याला लेकीकडे गेलाय, येईल. अरे, दुसरं काय सांगू? तू कुणाला सांगून गेलास का?

ओटा तोडला त्याला आज चाळीस दिवस झाले. रस्ता अजून तसाच आहे. एका बाजूला खडी, दुसऱ्या बाजूला गटाराचा चर. गिऱ्हाईक फळीवरून तोल सांभाळत दुकानात येतं, चार ताग्यांना हात लावतं आणि निघून जातं. बाजारपेठ सुधारणा योजना म्हणे! फरशा येणार, दिवे येणार, बसायला बाकडी येणार, पारोळ्याहून लोक खरेदीला इकडे येणार. आमच्या बायका साड्या घ्यायला धुळ्याला जातात, ते थांबलं तरी पुष्कळ.

तुझं मशीन माझ्या गोडाऊनमध्ये आहे. मी स्वतः तेल घातलं. खालच्या ड्रॉवरमध्ये माझ्या यंदाच्या बंडीचं कापडही तसंच घडी घालून आहे. तुझा स्टीलचा ग्लास मात्र गेला. बाहेरच्या कोनाड्यात असायचा, जेसीबीने कोनाडाच उचलला. नंतर खडीत सापडला, पण पार चेपलेला.

तू माझ्यावर का रागावलास ते कळत नाही. ओटा पालिकेने तोडला, मी नाही. तो माझाही होता, माझ्या वडिलांनी बांधलेला. आणि भाजीबाजाराच्या मागे ओटेवाल्यांसाठी जे गाळे बांधतायत, त्यांच्या यादीत तुझं नाव नाही हे आम्हाला कोण सांगणार? नगरसेवक घरी बसलेत, निवडणुका होत नाहीत. प्रशासकसाहेब एका सहीत सगळं बजेट पास करतात. मी नावाला व्यापारी संघटनेचा अध्यक्ष. कागद आमच्यापर्यंत पोचतच नाहीत.

एकतीस वर्षं तू त्या ओट्यावर बसलास. मी तुझ्याकडून भाडं घेतलं नाही, तू माझ्याकडून शिलाई घेतली नाहीस. दर दिवाळीला आतल्या खिशाची एक बंडी, बस. आपल्यात कधी शब्दाला शब्द झाला नाही. मग आता हे मौन कसलं?

तुझी वहिनी सुगन तुझी आठवण काढते. दहाच्या चहाला अजूनही एक कप जास्त पाणी ठेवते आणि मग स्वतःवरच चिडते.

तुझा
कन्हैयालाल


मेन रोड
११ जून २०२४

आधार,

वृषालीचं पत्र मिळालं. पोरगी तुझी शिकली, नोकरीला लागली, चांगलं झालं. पण काय भाषा तिची! "महोदय" म्हणून सुरुवात. अरे, हीच पोरगी शाळेतून आली की माझ्या गल्ल्यासमोर उभी राहून लिमलेटची गोळी मागायची. आता मी महोदय झालो.

तिने माहिती अधिकारात अर्ज टाकून बजेटचं अख्खं पुस्तक काढलं आणि सोबत पालिकेच्या रजिस्टरची झेरॉक्स पाठवली. १९ फेब्रुवारी. "व्यापारी संघटनेस प्रत दिली." खाली माझी सही आणि दुकानाचा शिक्का.

म्हणजे कागद पोचला होता. एप्रिलमध्ये मी तुला लिहिलं ते खोटं होतं. बरोबर, हात दाखवून अवलक्षण.

पण ऐक तरी. शिपाई आला, मी सही केली, पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं. दोनशे पानं आकड्यांची, कोण वाचतो? हरकत घ्यायला तीस दिवस असतात, एवढं माहीत होतं. संघटनेची मीटिंग बोलवून ते सगळ्यांपुढे ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. लग्नसराईचे दिवस होते, दुकानात गर्दी होती.

आता दुसरी गोष्ट. ती वृषालीला माहीत नाही, पण तुला माहीत आहे. तू ती तिला अजून सांगितली नाहीस, हे तिच्या पत्रावरून कळलं. तुझं हे असं वागणंच मला जास्त लागतं, आधार. दोन शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

गेल्या नोव्हेंबरात सर्व्हेवाला आला होता. ओट्यावर कोण बसतं, काय धंदा, किती वर्षं, ते लिहून घेत होता. तू समोरच होतास, मशीन चालू. त्याने विचारलं, "हे टेलर तुमचे भाडेकरू का?" मी म्हणालो, "छे हो, भाडेकरू कसला? आमच्या घरचाच माणूस आहे." त्याने रेघ मारली आणि पुढच्या दुकानात गेला. तू मान वर करून हसलास. त्या संध्याकाळी मशीन झाकताना तू सुगनला म्हणालास, "भाऊनी आज त्या मानूसले सांगं, मी घरना शे." किती खूश होतास तू. सुगन अजून ते बोलून दाखवते.

त्या रेघेमुळे तुझं नाव यादीत आलं नाही. घरच्या माणसाला कोण गाळा देतो? समोरचा झुलाल घड्याळवाला, त्याचं त्याच्या शेठशी उभं वैर, महिन्याचं भाडं, पावत्या, भांडणं, सगळं लेखी. त्याला गाळा मिळाला. आपल्यात कधी पावती फाडायची वेळ आली नाही आणि तू रस्त्यावर आलास. मी प्रेमाने बोललो होतो, आधार. एवढं तरी मान.

तुझा
कन्हैयालाल


मेन रोड
८ ऑगस्ट २०२४

आधार,

मशीन आज रतिलालच्या टेम्पोत चढवलं. तो खताच्या फेरीला नरडाण्याला येतोच. वृषालीने तीनदा मागितलं, मी तीनदा टाळलं. ते इथे असेपर्यंत तू परत येशील असं मनात धरून बसलो होतो, दुसरं काही नाही. ड्रॉवरमधलं कापड काढलं नाही. तुझं तू बघ.

गाळ्यासाठी वृषालीने तुझ्या नावाने केलेल्या अर्जाच्या सुनावणीची नोटीस मलाही आली. १७ सप्टेंबर, पालिकेचा हॉल, सकाळी अकरा. वृषाली लिहिते, शेठजी, तुमचं एक वाक्य पुरेसं आहे. "आधार टेलर माझ्या ओट्यावर एकतीस वर्षं स्वतःचा स्वतंत्र धंदा करत होते." एवढं साहेबांसमोर बोला, आम्हाला दुसरं काही नको. चोविसावा गाळा अजून रिकामा आहे, तो कुणाच्या नावावर चढायच्या आत.

मी बोलेन. नक्की बोलेन.

पण बोलण्याआधी तुला एक सांगून टाकतो, नाहीतर ते वाक्य घशातून वर यायचं नाही. जूनमध्ये मी लिहिलं, प्रेमाने बोललो. प्रेम होतं, खोटं नाही. पण नुसतं प्रेम नव्हतं. घरपट्टीच्या फॉर्मवर मी लिहून दिलं आहे की ओटा मोकळा आहे, त्यावर कुणाचा धंदा नाही. धंदा दाखवला की पट्टी दुप्पट. सर्व्हेवाल्याने विचारलं तेव्हा तो फॉर्म आधी डोळ्यासमोर आला आणि मग "घरचाच माणूस" तोंडात आलं. एका दगडात दोन पक्षी. दुसरा पक्षी तू होतास, हे तेव्हा सुचलं नाही.

आणि बजेटचं पुस्तक. मी ते वाचलं होतं. फेब्रुवारीतच. शेवटच्या पानांवर ओटेवाल्यांची यादी होती, तेवीस नावं. तुझं नाव दोनदा शोधलं. हरकतीला तेव्हा पंचवीस दिवस बाकी होते. तू बाहेर दहा फुटांवर बसून कुणाच्यातरी पँटला चेन लावत होतास. हाक मारायची होती फक्त. तू एकदा आत डोकावून विचारलंस पण, "भाऊ, हाऊ कागद कसाना शे?" मी म्हणालो, काही नाही रे, पालिकेचं नेहमीचं. आणि ड्रॉवर लावून घेतला.

रोनकने दुकानाची दर्शनी बाजू काचेची करायचं ठरवलं होतं. सरळ काच, आत लाइट, धुळ्यासारखं. नकाशा पालिकेत दिला होता. ओट्यावर टेलर बसवून काच कशी होणार? तो मला म्हणाला, "पप्पा, आधारकाकांचं आपण नंतर बघू काहीतरी." मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं म्हणजे हो, हे त्यालाही कळतं.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. १७ तारखेला मी येतो. वाक्य कागदावर लिहून ठेवलंय, रोज एकदा वाचतो.

कन्हैयालाल


मेन रोड
१८ सप्टेंबर २०२४

आधार,

काल घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं की तोंडातून चुकून गेलं. सुगनला, संघटनेतल्या लोकांना, अगदी दूधवाल्यालाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हातारपण, साहेबांचा धाक, वगैरे वगैरे.

तुला तसं सांगणार नाही.

कागद खिशात होता. साहेब चांगले होते, घाई करत नव्हते. त्यांनी विचारलं, "अर्जदार तुमच्या ओट्यावर धंदा करत होते का? तुमचा त्यांच्याशी काय संबंध?" मी उभा राहिलो. तू तिसऱ्या खुर्चीवर होतास. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. सहा महिन्यांनी तुला बघत होतो. तू माझ्याकडेच बघत होतास, पण चेहऱ्याकडे नाही, खांद्याकडे, पोटाकडे. मला वाटलं, हा माझ्या तोंडाकडेही बघू इच्छित नाही.

मागे रोनक बसला होता. आत येताना जिन्यात म्हणाला होता, "पप्पा, तुमच्या एका वाक्याने घरपट्टीची फाईल उघडेल आणि आपला नकाशा अडकेल. ऑर्डर दिलेली काच मी कुठे ठेवू?" त्याने मला धमकावलं नाही. आपला पोरगा आहे, वाईट नाही. सरळ व्यवहार सांगितला.

आणि मी म्हणालो, "अहो साहेब, तो आमच्या घरचाच माणूस."

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. अर्जदार हे दुकानमालकाचे कुटुंबीयासमान असून त्यांचा स्वतंत्र व्यवसाय नव्हता."

तेव्हा वृषाली उठली. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "शेठजी, एकच विचारते. घरच्या माणसाचा ग्लास बाहेरच्या कोनाड्यात का होता?"

साहेब म्हणाले, हा मुद्दा या सुनावणीत येत नाही. पण तो माझ्या घरात आला, आधार. सुगनला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. माझ्या आईने तो ग्लास तिथे ठेवला होता, म्हणून तो तिथेच राहिला. आई जाऊन बावीस वर्षं झाली. तो आत आणायला आम्हाला कुणी अडवलं होतं? एकतीस वर्षांत तू गल्ल्याच्या अलीकडे एकदाही जेवला नाहीस. दिवाळीचा फराळ आम्ही पुडक्यात बांधून ओट्यावर द्यायचो, आणि तू तो कपाळाला लावून घ्यायचास. लाज वाटते मला. आज वाटते, याचीही वाटते.

हॉलमधून निघताना तू माझ्याजवळून गेलास. मी "आधार" म्हणालो. तू म्हणालास, "येतो शेठ." भाऊ म्हणाला नाहीस.

चोविसाव्या गाळ्यावर आज दुसऱ्याचं नाव लागलं, असं ऐकतो. जळगावला अपील करता येतं. तीस दिवसांत.

कन्हैयालाल


४ ऑक्टोबर २०२४

आधार,

सोबत प्रतिज्ञापत्र आहे. वकिलाकडून टाइप करून घेतलं आणि नोटरी केलं. रोनकला विचारलं नाही. घरपट्टीचं काय व्हायचं ते होऊ दे. वकील म्हणाला, शेठ, एका ओळीत स्पष्ट पाहिजे, गोलमाल नको. म्हणून चौथ्या ओळीत असं लिहिलं आहे, की सदर इसम माझ्या घरचे नव्हते व नाहीत.

ती ओळ खरी आहे. तिच्याखालची सही जरा वाकडी आली आहे. वकील म्हणाला चालेल.

वरातीमागून घोडं आहे, माहीत आहे. पण अपीलाला अजून तेरा दिवस आहेत. वृषालीला सांग, लगेच दाखल कर.

कन्हैयालाल


मेन रोड
२७ ऑक्टोबर २०२४

आधार,

काल वृषाली आली होती. दुपारी दीडला, दुकान गर्दीने भरलेलं असताना. दिवाळीआधीचा शेवटचा रविवार तोंडावर, रोनकची नवी काच लागलेली, आत दिवे. तिला क्षणभर दुकान ओळखू आलं नाही. बाहेर उभी राहून वर पाटी वाचत होती.

सुगनने तिला पाहिलं आणि धावत आत गेली. आतल्या खोलीत पाट मांडला, ताट वाढलं. दालबाटी, गट्टे, आमच्याकडे पाहुण्याला करतात ते सगळं. बाहेर येऊन म्हणाली, "बेटा, आत चल, जेवून जा." वृषालीने तिच्या पायाला हात लावला. म्हणाली, "काकू, अडीचची धुळ्याची गाडी आहे. ती गेली की नरडाण्याला रात्र होते." सुगनने ते ताट पाच वाजेपर्यंत झाकून ठेवलं होतं.

माझं प्रतिज्ञापत्र तिने परत दिलं, त्याच पाकिटात. मी विचारलं, अपील? म्हणाली, "आबांनी केलं नाही. मुदत संपली. मी खूप भांडले त्यांच्याशी. ते म्हणाले, गाळा मिळाला तरी तो पुन्हा कुणाच्यातरी सांगण्यावर मिळेल. आधी घरचा म्हणाले म्हणून गेला, आता घरचा नाही म्हणाले म्हणून येणार. माले नको."

मी ते पाकीट हातात धरून उभा राहिलो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, शेठ, ही साडी केवढ्याची? मी रोनककडे बोट दाखवलं.

संघटनेचा राजीनामा मी काल संध्याकाळी लिहून दिला. बजेटच्या पुस्तकाच्या तीस झेरॉक्स काढल्या आहेत, उद्या प्रत्येक दुकानात एकेक देणार. आता त्याचा तुला काही उपयोग नाही. तरी सांगतो.

जाताना वृषालीने पिशवीतून एक पुडकं काढून गल्ल्यावर ठेवलं. वर्तमानपत्रात बांधलेलं, आपल्या सुतळीने, तुझ्या गाठीने. मी ओळखलं आणि तिच्यासमोरच सोडलं.

बंडी. मशीनच्या ड्रॉवरमधल्या कापडाची. आतला खिसा डावीकडे, मला लागतो तसा, खोल.

दुकान बंद झाल्यावर घालून बघितली. मी यंदा फार उतरलोय आधार, मार्चपासून सगळे कपडे ढगळे होतात. गेल्या वर्षीची बंडी अंगावर लोंबते. ही बसली. खांद्याला बसली, पोटाला बसली, कुठे एक बोट इकडे तिकडे नाही. मी सुगनला म्हटलं, माप कधी घेतलं याने? आणि मग मला तो हॉल आठवला. तिसऱ्या खुर्चीवरून तू माझ्या खांद्याकडे बघत होतास. मी तोंडाने तुझा गाळा घालवत होतो आणि तू माझं माप घेत होतास.

मी रडलो. सांगायला लाज कसली.

पुडक्यात आणखी एक कागद होता. छापील. वर लाल अक्षरात "आधार टेलर्स", खाली "स्टेशन रोड, नरडाणा". बिल क्रमांक एक. गिऱ्हाइकाचं नाव, श्री. कन्हैयालाल शेठ. एक बंडी, कापड गिऱ्हाइकाचे. शिलाई रुपये दोनशे साठ. खाली तुझी सही, ठसठशीत.

पैसे मी वृषालीजवळ तेव्हाच दिले होते, बिल वाचलं तेव्हा. तीन शंभरच्या नोटा दिल्या आणि म्हणालो, राहू दे बेटा वरचे. तिने पर्समधून चाळीस रुपये काढून गल्ल्यावर ठेवले. मग पेन मागितलं आणि बिलावर "रक्कम मिळाली" असं लिहून तारीख घातली.

बिल बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आहे.

कन्हैयालाल